विश्लेषण : कथेत ‘सांगणारा कोण’ याला इतके महत्त्व का?

दहावीच्या मराठीत कथालेखन असते. दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट फुलवायची, वर शीर्षक द्यायचे, खाली तात्पर्य लिहायचे. गुण मिळतात, पण तोच विद्यार्थी पुढे जी. ए. कुलकर्णी किंवा बाबुराव बागूल यांची कथा वाचतो तेव्हा तात्पर्य हाती लागत नाही आणि कथा ‘कळली नाही’ म्हणून पुस्तक मिटते. दोष वाचकाचा नसतो. कथा कशाकशाने बनते, हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

कथेचे मूळ घटक कोणते?

कथानक, पात्रे, स्थळ-काळ, संघर्ष आणि निवेदन ही नेहमीची यादी. यादी पाठ करून मात्र फारसे साधत नाही. कथानक आणि घटनाक्रम एक नव्हेत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. काय घडले हा घटनाक्रम. त्यातले काय आधी सांगायचे, काय दडवायचे आणि कुठे थांबायचे, हे ठरले की कथानक तयार होते. एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांविषयी लिहिताना कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा परिणाम एकसंध असावा, असे मत मांडले. आजही संपादक कथा परत पाठवतात ती बहुधा याच कारणाने : एका कथेत तीन कथा कोंबलेल्या असतात.

मराठीत यावर वाद झाला तो कशावरून?

तंत्रावरून. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) लेखनतंत्राची पद्धतशीर मांडणी केली. आकर्षक सुरुवात, वाढती गुंतागुंत, शेवटी उकल हा साचा रुळला आणि साच्याचे होते तेच झाले. कथा बेतीव होऊ लागल्या. स्वातंत्र्याच्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने हा साचा मोडला. बाहेर फारसे काही न घडताही माणसाच्या मनात कथा घडू शकते, हे गाडगिळांनी दाखवले. माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये तर माणूसच कथानक होतो आणि माणदेशाचा दुष्काळी मुलूख नुसती पार्श्वभूमी उरत नाही. फडक्यांचे तंत्र मात्र टाकाऊ ठरले नाही. रहस्यकथा आणि मालिका आजही त्यावरच चालतात.

मग प्रतीक, कलाटणी, उपरोध कशासाठी?

अलंकार म्हणून वापरले तर कशासाठीच नाही. भिंतीवर बंदूक दाखवली तर पुढे ती उडाली पाहिजे, असे चेखव नाटकाबद्दल सांगे. कथेला तो नियम अधिकच लागू पडतो, कारण इथे जागा कमी. ओ. हेन्रीच्या ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’मध्ये बायको नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेण्यासाठी केस विकते आणि नवरा तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला घड्याळ विकतो. ही कलाटणी पटते, कारण केस आणि घड्याळ हीच त्या घरातली मोलाची चीज, हे सुरुवातीलाच सांगून झालेले असते. आयत्या वेळी अपघात घडवून आणणाऱ्या कथेची कलाटणी वाचकाला फसवणूक वाटते.

निवेदकाचा प्रश्न येतो कुठे?

बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत तो सर्वात लख्ख दिसतो. याच नावाचा संग्रह १९६३ मध्ये आला. परगावी रेल्वेत नोकरीला लागलेला दलित तरुण आपली जात लपवून राहतो. सोबतचे लोक त्याला मान देतात, त्याच्या कवितेचे कौतुक करतात. खरे काय ते वाचकाला ठाऊक असते, त्या लोकांना नसते. यालाच नाट्यात्म उपरोध म्हणतात. पण इथे तो शब्द फिका पडतो. कारण कथा ‘मी’ने सांगितलेली आहे. प्रत्येक आदरातिथ्यासोबत त्याची धास्ती वाढते आणि ती वाचकालाही आपल्या अंगावर घ्यावी लागते. जात न लपवता धुमसत राहणारा काशिनाथ समोर उभा असल्याने निवेदकाचे गप्प राहणे अधिकच टोचते.

तीच हकिकत बातमी म्हणून छापली असती तर ‘जात लपवल्यावरून कामगाराला मारहाण’ अशा मथळ्याखाली चार ओळींत संपली असती. बातमी मारहाणीपासून सुरू झाली असती. कथेत मारहाण उशिरा येते, आणि तोवर मार खाणारा वाचकाच्या ओळखीचा झालेला असतो.