सोन्याचा कस आणि प्रथिनाचा कस

नांदगावसारख्या तालुक्याच्या गावी बँकेत खुर्ची उबवलेल्या माणसाला सोनेतारण कर्ज काही नवे नसते. पावसाने ओढ दिली, कांद्याचा भाव कोसळला की घरातली पोत, पाटली काउंटरवर येते. सराफ ती कसोटीवर घासतो, तोलतो आणि त्याच्या शब्दावर अधिकारी सही करतो. सोन्याचे एक बरे असते; ते शुद्ध निघाले की प्रश्न मिटला. पण किमतीने सोन्याच्या हजारो पट आणि तरीही नुसत्या शुद्धपणाने भागत नाही, अशी एक वस्तू आज आपल्या प्रयोगशाळांच्या शीतपेटीत असते. ती म्हणजे जनुकतंत्राने बनवलेले मानवी प्रथिन.

यातली काही प्रथिने दहा मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या एक लाखाव्या भागाच्या कुपीत विकली जातात. कुपीला पाच हजार रुपये धरले, तरी ग्रॅमचा हिशेब पन्नास कोटींवर जातो!

‘मानवी’ या शब्दाने कोणी दचकू नये. यात माणसाच्या अंगातून काही काढलेले नसते. विशिष्ट प्रथिन कसे घडवायचे याचा आपल्या जनुकातला मजकूर जिवाणूत किंवा यीस्टमध्ये बसवतात आणि तो जीव ते प्रथिन तयार करू लागतो. इन्सुलिन हे त्याचे घरोघरी पोचलेले उदाहरण. पूर्वी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ साली अमेरिकेत जिवाणूकरवी मानवी इन्सुलिन तयार झाले आणि १९८२ साली औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. नांदगाव तालुक्याची हद्द ओलांडली की मराठवाडा लागतो. तिथल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, वोक्हार्ट कंपनीने यीस्टच्या साहाय्याने हे इन्सुलिन बनवून २००३ साली बाजारात आणले.

संशोधनासाठीची प्रथिने याच वाटेने जन्माला येतात. कोणी पेशींना वाढायला सांगते, कोणी प्रतिकारशक्तीला जागे करते. मात्र त्यांच्या कुपीवर लिहिलेले असते : केवळ संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. औषधाला लागणाऱ्या कडक चाचण्यांतून ती गेलेली नसतात. मग त्यांचा कस लावायचा कोणी?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. पण माळ ओवली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती ठरावीक घडीत दुमडावी लागते. इन्सुलिनमध्ये ५१ मणी आणि गंधकाचे तीन बंध असतात. बंध भलतीकडे जुळले, तर वजन तेच, घटक तेच, पण काम शून्य. जिवाणूत तर मानवी प्रथिनांचे बरेचदा घडी बिघडलेले गोळे होतात. ते उलगडून पुन्हा नीट दुमडावे लागतात. म्हणजे कुपीतला माल ९५ टक्के शुद्ध आणि तरी निर्जीव असू शकतो. याहून फसवे म्हणजे जिवाणूच्या कवचातले विष. त्याचा अंश जरी मागे राहिला, तरी प्रतिकार करणाऱ्या पेशी खवळतात आणि संशोधकाला वाटते, प्रथिनानेच हे केले. वीज जाऊन कुपी वितळली, पुन्हा गोठली, असे वारंवार झाले, तरीही तिचा गुण जातो. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

खोटे सोने निघाले तर बँकेचे नुकसान होते आणि ते वहीत दिसते. खोट्या प्रथिनाचे नुकसान कुठल्याच वहीत दिसत नाही. नांदगाव-मनमाडकडची एखादी मुलगी पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात संशोधन करते. त्यातली दोन वर्षे मेलेल्या कुपीपायी गेली, तर लोक म्हणतात, हिचा प्रयोगच जमला नाही.

उपाय साधा आहे. नवी कुपी आली की आधी ती माहितीतल्या पेशींवर घालून पाहावी. मात्रा वाढवली तसा परिणाम वाढतो का, हे तपासावे. कुपीच्या लॉटचा दाखला मागावा. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवते, त्यामुळे पेशींची सोय आहे. तपासणीला मात्र वेळ आणि पैसा लागतो, आणि ज्या खर्चातून नवा शोध निघत नाही तो अनुदानाच्या अर्जात मागायला माणसे कचरतात. सराफाच्या मूल्यांकनाची फी बँकेने कधी वायफळ खर्च मानली नाही. संशोधनाला पैसा देणाऱ्यांनीही या तपासणीसाठी अर्जात एक रकाना ठेवावा.