पाळीच्या कळा आणि घोट्यावरचा दाब

घोट्याच्या आतल्या हाडापासून चार बोटे वर, नडगीच्या मागे एक बिंदू आहे; तो दाबला की पाळीच्या कळा जागच्या जागी थांबतात, असे व्हॉट्सॲपवरचे संदेश छातीठोकपणे सांगतात. ॲक्युप्रेशरवाले त्याला एसपी-6 म्हणतात. उलट, हे निव्वळ थोतांड म्हणून हात झटकणारेही पुष्कळ. आराम पडला, पण कशाच्या तुलनेत, हे मात्र दोन्ही बाजू विचारत नाहीत आणि सगळा निवाडा तर त्यावरच अवलंबून आहे. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने 221 तरुणींवर केलेला प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला मोबाइल ॲपवरून बिंदू दाबायला शिकवले, दुसऱ्या गटाने नेहमीचेच उपाय चालू ठेवले. दहापैकी गुण देऊन वेदना मोजली, तेव्हा तिसऱ्या पाळीत दाब देणाऱ्यांची सरासरी 4.4 आली, इतरांची 5.0. हा फरक नगण्य नसला तरी जेमतेमच होता. सहाव्या पाळीपर्यंत तो 1.4 गुणांवर गेला. म्हणजे ‘दाबताक्षणी कळ गायब’ हा दावा खोटा ठरतो, पण चिकाटीने दाब देणाऱ्यांना काहीच मिळत नाही, असेही म्हणता येत नाही.

मेख अशी की आपण उपचार घेतो आहोत हे त्या मुलींना ठाऊक होते आणि खोट्या बिंदूवर दाब देणारा गट या प्रयोगात नव्हता. वेदना जिची तिनेच सांगायची असते. त्यामुळे आशेचा वाटा किती आणि बिंदूचा किती, हे अशा प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. वैद्यकीय प्रयोगांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात ॲक्युपंक्चर आणि ॲक्युप्रेशरचे मिळून 42 प्रयोग आणि 4640 स्त्रिया होत्या. तरीही उपयोग होतो की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे, असाच निष्कर्ष निघाला. यावर कोणी म्हणेल, आराम पडतो ना, मग कारणाची चिकित्सा कशाला? स्वतःच्या घरी, फुकट, स्वतःच्या बोटांनी करायचे असेल तर खरोखरच गरज नाही (गरोदरपणी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको). पण कोणी पैसे घेऊन ‘गोळ्या सोडा’ म्हणू लागला की चिकित्सा हवीच.

कारण गोळ्यांची बाजू भक्कम आहे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये सुटतात, स्नायू आवळतात, रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळा येतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारखी औषधे ही द्रव्ये तयार होण्यावरच लगाम घालतात. कॉक्रेनच्याच 2015 च्या आढाव्यात, 80 प्रयोगांमध्ये, अशी औषधे दिखाऊ गोळीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. ती निर्धोक आहेत असे नव्हे. त्यांनी पित्त खवळते, आणि मेफेनॅमिक ॲसिडच्या एका गंभीर ॲलर्जीबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने 2023 मध्ये इशाराही दिला होता. तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्यात आणि जोडीला बिंदूही खुशाल दाबावा. दर महिन्याला वाढत जाणारे, पाळी नसतानाही उठणारे, संबंधांच्या वेळी होणारे किंवा गोळीला न जुमानणारे दुखणे एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे) असू शकते. तिथे घोटा दाबत महिने घालवू नका, स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा.