बँकॉकला खरेदीस जाणाऱ्यांनी शहरात फिरावे कसे?

रेडीमेड कपडे, कटलरी, इमिटेशन दागिने यांचा धंदा करणारे आपल्या भागातील दुकानदार माल आणतात तो मुंबईहून किंवा सुरतेहून. त्यांच्यापैकी काहींच्या मनात एकदा बँकॉकची पेठ स्वतः पाहून यावी असे असते. चाळीसगावहून मुंबई रेल्वेने सव्वातीनशे किलोमीटर आणि मुंबईहून बँकॉक विमानाने सुमारे साडेचार तास. तेव्हा जाणे अवघड नाही. अवघड आहे ते पोहोचल्यानंतरचे. छोट्या व्यापाऱ्याची सफर चार-पाच दिवसांची असते. त्यातला एक दिवस रस्त्यावरच्या कोंडीत आणि दुसरा एखाद्या दलालाच्या मागे गेला, तर तिकिटाचा खर्चही मालातून सुटत नाही. म्हणून मालाच्या भावांचा विषय बाजूला ठेवून आज आम्ही फक्त तेथे हिंडावे कसे, एवढेच सांगणार आहोत.

आपल्याकडे धुळ्यास जायचे तर रेल्वे की एस.टी. एवढाच प्रश्न असतो. बँकॉकमध्ये अंतर किती हे विचारून उपयोग नाही. कोणत्या वेळी आणि कोणत्या वाहनाने, हे विचारावे लागते. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते सात या वेळात चार किलोमीटरला टॅक्सीने तासही लागू शकतो. पावसाळ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबर, संध्याकाळची सर आली की विचारूच नका.

निम्मे काम मुक्कामाची जागा निवडतानाच होते. कपड्यांचा व्यापारी असेल तर त्याने प्रातुनाम भागात उतरावे. प्रातुनाम म्हणजे पाण्याचा दरवाजा. तेथे कालव्यावर दरवाजे आहेत म्हणून हे नाव. कपड्यांचा घाऊक बाजार येथेच आहे आणि बहुतेक दुकाने पायी फिरता येतात. शिवाय सुवर्णभूमी विमानतळावरून थेट रेल्वे येते. २०१० मध्ये सुरू झालेल्या या गाडीने राचाप्रारोप स्टेशनवर उतरले की प्रातुनाम जवळच. शेवटच्या फाया थाई स्टेशनपर्यंतचे भाडे ४५ बाट आहे. एक बाट म्हणजे आपले अडीच ते तीन रुपये, भाव वरखाली होतो. स्वस्त विमाने पुष्कळदा डॉन म्युआंग या जुन्या विमानतळावर उतरतात. ते शहराच्या वेगळ्याच टोकाला आहे, म्हणून तिकीट काढतानाच विमानतळाचे नाव पाहून घ्यावे.

प्रातुनाममध्ये राहण्याचा मोठा फायदा मात्र वेगळाच आहे, आणि नवखे लोक तोच सोडून देतात. तो म्हणजे सेन सेप कालव्यातील बोट. शहराच्या मधोमध पूर्व-पश्चिम जाणाऱ्या या कालव्यात १९९० पासून प्रवासी बोटी चालतात. वर रस्त्यावर मोटारी उभ्या असतात आणि खाली बोट सुसाट निघून जाते. भाडे अगदी थोडे, आणि ते बोटीतच घेतात. प्रातुनामच्या घाटावर सर्वांना उतरून पुढची बोट धरावी लागते, तेव्हा गोंधळून जाऊ नये. पश्चिमेकडे जाणारी बोट बोबे बाजाराच्या घाटावर थांबते. बोबे ही कपड्यांची दुसरी घाऊक पेठ. तेथील व्यवहार भल्या पहाटे सुरू होतात, म्हणून लवकर निघावे. बोट घाटाला क्षणभरच टेकते. दोर धरून चटकन चढावे, चटकन उतरावे. पाणी घाण आहे. कडेला बसलेल्यांनी प्लॅस्टिकचा पडदा दोरीने वर ओढून धरायचा असतो. अवजड गाठोडे घेऊन मात्र या बोटीत चढू नये. आणि रात्री उशिरा ती बंद असते.

कटलरी, बटणे, लेस, केसांच्या पिना असा बारीक माल चायनाटाऊनमधील सांपेंगच्या अरुंद गल्लीत मिळतो. बोटीने शेवटच्या फान फा घाटापर्यंत जाऊन पुढे थोडी टॅक्सी करावी. सीलोम भागात उतरलेल्यांना साफान ताक्सिन स्टेशनखालून नदीतली नारिंगी झेंड्याची बोट राचावोंग घाटापर्यंत नेते. तेथून सांपेंग पायी. भुयारी रेल्वेही २०१९ पासून या भागात पोहोचली आहे. तिचे साम योत स्टेशन फाहुरातच्या जवळ पडते. फाहुरात ही भारतीय कापड व्यापाऱ्यांची, मुख्यतः शिखांची जुनी पेठ. तेथे हिंदीवर काम भागते.

उन्नत रेल्वे १९९९ मध्ये सुरू झाली, भुयारी २००४ मध्ये. दोन्ही उत्तम, पण तिकिटे वेगवेगळी. सकाळी आठ आणि सायंकाळी सहा वाजता स्टेशनात राष्ट्रगीत लागते व सर्वजण जागीच थांबतात, आपणही थांबावे.

आता टॅक्सीविषयी. काचेआड लाल दिवा दिसला म्हणजे टॅक्सी रिकामी. बसण्यापूर्वी ‘मीटर’ एवढा एकच शब्द उच्चारावा. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो. चालक ठोक रक्कम सांगू लागला तर वाद न घालता पुढची टॅक्सी पाहावी. उड्डाणमार्गाचा टोल प्रवाशानेच द्यायचा असतो. पत्ता इंग्रजीत दाखवून चालकास तो वाचता येईलच असे नाही, म्हणून हॉटेलचे थाई लिपीतील कार्ड खिशात ठेवावे. गल्लीला तेथे ‘सोय’ म्हणतात. रस्त्याच्या एका बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम. पण सुखुमवित रस्त्यावर २१ नंबरच्या समोर २२ नंबर सापडत नाही, तो बराच पुढे आहे.

तीनचाकी टुकटुकला मीटर नाही. वीस-तीस बाटमध्ये शहर दाखवतो असे कोणी म्हणाला तर समजावे की भाडे दुसरीकडून वसूल होणार आहे. ठरलेली पद्धत अशी: वाटेत एक सभ्य दिसणारा गृहस्थ भेटतो, आज अमुक मंदिर बंद आहे असे सांगतो, आणि आज सरकारी सवलतीत माणके-नीलम मिळत आहेत, मायदेशी दुपटीने विकता येतील, असे सुचवतो. टुकटुक त्या दुकानाशीच थांबते. जळगावच्या सराफ्याशी संबंध असणाऱ्या आपल्या लोकांना खड्यांची पारख आहे असे वाटते. नेमका तोच माणूस येथे मोहात पडतो. खड्यांचा खरा व्यापार सीलोमजवळ महेसाक रस्त्यावर चालतो. तेथे स्वतः जावे, कोणाच्या सोबतीने नव्हे.

जेवणाची आणि जुम्याची सोय प्रातुनामवाल्यांना जवळच आहे. राचाथेवी स्टेशनच्या बाजूला, फेचबुरी रस्त्याच्या ७ नंबरच्या गल्लीत दारुल अमान मशीद आहे आणि त्या गल्लीत हलाल खाणावळी आहेत. सीलोमकडच्यांना चारोएन क्रुंग रस्त्यालगतची हारून मशीद सोयीची.

जाताना १ मे २०२५ पासून लागू झालेले डिजिटल आगमन कार्ड प्रवासापूर्वी तीन दिवसांच्या आत भरावे. ते मोफत आहे. पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे. बिलावर २०२५ ऐवजी २५६८ असे साल दिसले तर दचकू नये, तेथील बौद्ध सन ५४३ वर्षांनी पुढे आहे. विक्रीचा माल सामानातल्या सवलतीत बसत नाही. त्यासाठी आयात-निर्यात कोड काढून माल कार्गोने पाठवावा. परतीच्या दिवशी गाठोडी हाती नसली की विमानतळाची रेल्वेही धरता येते. मात्र ती मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. विमान पहाटेचे असेल तर रात्री उशिराची टॅक्सी करावी, त्या वेळी रस्ते मोकळे असतात.