मुरलेली बिअर आणि विसरलेली बिअर

‘बिएर द गार्द’ या फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ ‘राखून ठेवायची बिअर’. कोणी राखायची आणि किती दिवस, हे मात्र नाव सांगत नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. फ्रान्सबाहेरचे हौशी लोक ‘आपण घरी राखायची’ असा अर्थ घेतात, बाटली कपाटात ठेवतात आणि पाच-सात वर्षांनी मोठ्या अपेक्षेनं उघडतात. आपल्याकडे लोणचं घालणारी बाई ते मुरल्याशिवाय पानात वाढत नाही. पण तीच बरणी फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात चार वर्षं राहून गेली, तर त्याला मुरणं म्हणत नाहीत. या बिअरच्या बाबतीत हाच फरक जिभेवर कसा कळतो, ते मला सांगायचं आहे.

आधी तिचा मुलूख पाहू. फ्रान्स म्हटलं की द्राक्षमळे आठवतात, पण उत्तरेकडचं टोक, म्हणजे नॉर आणि पा-द-काले हे बेल्जियमच्या बाजूचे भाग, द्राक्षांच्या दृष्टीनं फार थंड आणि ओले. तिथं पिकतो जव, गहू, बीट आणि हॉप्सचे वेल. शेतावरच बिअर गाळण्याची तिथं जुनी पद्धत होती. बर्फाची यंत्रं येण्याआधी उन्हाळ्यात काढलेली बिअर हवेतल्या जिवाणूंमुळे बघता बघता नासायची, म्हणून ती थंडीत काढायची आणि थंड तळघरात राखायची. ‘गार्द’ हा शब्द या व्यवहारातून आला. त्याच पट्ट्यात पुढे कोळशाच्या खाणी आल्या. झोलाच्या १८८५च्या ‘जेर्मिनाल’मध्ये खाणकामगारांच्या जत्रेचं प्रकरण आहे, त्यात अख्खं गाव दिवसभर बिअर पीत असतं. ती रोजची स्वस्त बिअर. राखलेली बिअर तिच्यापेक्षा कडक.

१९१४ ते १९१८ या काळात हा मुलूख रणांगण झाला. जर्मनांच्या ताब्यातल्या गावांतली तांब्याची भांडी युद्धसामग्रीसाठी उचलून नेली गेली, आणि कित्येक भट्ट्या पुन्हा पेटल्याच नाहीत. ज्या उरल्या त्यांच्यापुढे फिकट, थंडगार, कारखानी पिल्सनर बिअर उभी ठाकली. तरीही झाँलँ या गावातल्या, १९२२ साली सुरू झालेल्या डुइक घराण्याच्या भट्टीनं आपली तांबूस बिअर सोडली नाही. शॅम्पेनच्या जाड बाटलीत, तारेनं बांधलेलं बूच लावून ती विकली जाऊ लागली, आणि सत्तरच्या दशकात लील शहरातल्या विद्यार्थ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. आज ज्या शैलीला आपण हे नाव देतो, ती बरीचशी या पुनर्जन्मातली आहे.

या नव्या अवतारात ‘राखणं’ भट्टीतच उरकतं. मोड आणून भाजलेल्या जवाचा काढा यीस्टनं आंबवला, की बिअर शून्य अंशाच्या आसपास गार केलेल्या टाकीत निदान चार-सहा आठवडे पडून राहते. या मुक्कामात गाळ बसतो, कोवळ्या बिअरचा गंधकी वास जातो, आणि आंबताना तयार झालेलं लोण्याच्या वासाचं डायअसेटिल यीस्ट स्वतःच गिळून टाकतं. चव गोल होते. सहा ते साडेआठ टक्के मद्यार्काची बिअर असूनही घशाला ती बोचत नाही, ती यामुळे. बाटलीत भरली जाते तेव्हा ती मुरलेलीच असते.

कासेलच्या टेकडीजवळच्या एका गावात, एका परिचिताच्या तळघरातून आलेल्या दोन बाटल्या मी शेजारी शेजारी ठेवून चाखल्या. भट्टी एकच, बिअर एकच. एक त्याच वर्षीची, दुसरीची छापील मुदत सात वर्षांपूर्वी संपलेली. भट्टीचं नाव मी मुद्दाम देत नाही. बाटलीचा दोष भट्टीचा असतोच असं नाही. दोन्ही दहा-बारा अंशांवर आणल्या. फ्रिजमधून थेट काढलेली बिअर नाकाशी काहीच बोलत नाही.

ताजीचं बूच चांगलं दणक्यानं उडालं. जुनीचं नुसतं पुटपुटलं. ताजीचा रंग तांब्याच्या घासलेल्या भांड्याचा, फेस जाड आणि टिकाऊ. वास भाजलेल्या पावाच्या कडेचा, खमंग, मागे किंचित कॅरमल. घोट गोडसर सुरू होऊन कोरडा संपतो, आणि शेवटी हॉप्सची बेताची कडवट रेघ.

जुनीचा रंग गडद झालेला, फेस पेल्याच्या कडेला एक कड धरून बसलेला. पहिला वास मात्र सुंदर! मनुका, खजूर, शेरी वाइनची आठवण. मी पेला खाली ठेवला आणि पाच मिनिटं थांबलो. जुनं पेय चाखताना ही पाच मिनिटं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, कारण पहिला वास भुलवतो. थांबल्यावर मनुकांच्या मागून भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास वर आला, आणि त्याच्याही मागून आपण ज्याला कुबट म्हणतो तो, पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीचा. कडवटपणा जवळजवळ गेलेला, त्यामुळे गोडी उघडी पडलेली आणि घोट मध्येच पोकळ.

या तिन्ही वासांची कुळं वेगळी आहेत. मनुका-खजूर हे माल्टमधली साखर, आम्लं आणि प्राणवायू यांच्या संथ व्यवहाराचं फळ. कडक, माल्टदार बिअरला ते शोभतंही. पुठ्ठ्याचा वास जवातल्या स्निग्धांशापासून बनणाऱ्या नोनेनाल नावाच्या द्रव्याचा, आणि ते लिटरमागे एका मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्सा इतकं असलं तरी माणसाच्या नाकाला पकडता येतं. कुबट वासात बिअरचा हात बहुधा नसतोच. बुचाच्या सालीत वाढलेल्या बुरशीमुळे ट्रायक्लोरोअॅनिसोल तयार होतं. वाइनवाले ज्याला ‘बुचाची वाइन’ म्हणून परत पाठवतात तो हाच दोष. म्हणजे एकाच पेल्यात एक पिकणं, एक शिळेपण आणि एक बाहेरून आलेला डाग. मराठीत खमंग, आंबूस, खवट, कुबट, कोंदट असे शब्द हाताशी असताना या सगळ्याला नुसतं ‘जुनी, भारदस्त चव’ म्हणणं हा नाकाचा आळस आहे.

आणि हा आळस चक्क नियमपुस्तकात गेला. अमेरिकेतल्या हौशी बिअर-स्पर्धांच्या परीक्षकांसाठी २००८ साली निघालेल्या मार्गदर्शिकेत या शैलीच्या वर्णनात मातकट, तळघरासारखा, कुबट वास थोडा असला तर चालेल, असं नोंदलेलं होतं. माझा तर्क असा, की समुद्रापार पोचलेल्या बाटल्या तिथल्या लोकांनी जुन्या झाल्यावरच चाखल्या, आणि प्रवासाचा व बुचाचा वास त्यांना मातीचा वाटला. लीलच्या आसपास ताजी बाटली उघडा, त्यात तळघर सापडणार नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: एकोणिसाव्या शतकातली राखीव बिअर खरोखरच वेगळी होती ना? होती. लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने राहून ती आंबूस, वाइनच्या अंगानं जाणारी होई. कारण लाकडाच्या छिद्रांत जिवाणू आणि रानटी यीस्ट राहत. लीलमध्येच शिकवत असताना पाश्चरनं १८५७ साली दूध आंबवणाऱ्या जिवाणूंवरचा आपला निबंध मांडला. आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमधल्या क्लाउसेननं १९०४ साली इंग्लिश राखीव बिअरमधल्या रानटी यीस्टला ब्रेटॅनोमायसिस हे नाव दिलं. पिंपातली ती चव जिवंत जिवांनी घडवलेली होती. आजच्या स्वच्छ यीस्टनं केलेल्या, अनेकदा गाळून भरलेल्या बाटलीत ते जीव नाहीतच. ती दहा वर्षं ठेवली तरी आजोबांची बिअर होत नाही. फक्त स्वतःच म्हातारी होते.

मुंबई-पुण्यात कोणी प्रवासातून अशी बाटली आणली, तर एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. तापमान दहा अंशांनी चढलं, की शिळं होण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. फ्रेंच तळघराच्या बारा अंशांवरून आपल्या माळ्यावरच्या बत्तीस अंशांवर आलेली बाटली वर्षभरात चार ते नऊ वर्षांचं वय गाठते. तेव्हा ती उभी ठेवावी, फ्रिजमध्ये ठेवावी, आणि सणाची वाट न पाहता महिन्या-दोन महिन्यांत उघडावी. आधीच जुनी मिळाली असेल तर पेल्यात थोडीच ओतून पाच मिनिटं थांबावं. नुसता मनुकांचा वास टिकला तर खारट, उग्र चीजबरोबर ती छान लागते. पुठ्ठा वर आला तर ती मांसाच्या रश्श्यात घालावी, तिकडे फ्लेमिश घरांत मांस बिअरमध्येच शिजवतात. कुबट वास मात्र रश्श्यातही लपण्याची खात्री नाही, ती बाटली मोरीत.