ठेका धरणारा माणूस

आमच्या मूर्तिजापूरला स्टेशनाबाहेर एक चहाचे हॉटेल होते. मालकाने उसनेपासने करून एक रेडिओ आणला होता आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता त्या हॉटेलात सभेसारखी गर्दी लोटे. सिलोन केंद्रावरून अमीन सयानींची गीतमाला लागायची. कापसाच्या गाड्या घेऊन आलेले शेतकरी, जिनिंगमधले हमाल, शाळेतली आम्ही पोरे आणि यवतमाळकडची छोटी गाडी चुकलेला एखादा उतारू, असे सगळे त्या पेटीकडे कान लावून बसत. अर्धा कप चहा तासभर पुरवण्याची विद्या मी तेथेच शिकलो.

त्या गर्दीत प्रत्येकाचे कान निरनिराळ्या गोष्टीकडे लागलेले असत. कोणाला मुकेश हवा असे, कोणाला लताबाई, कोणाला नुसते शब्द. मला मात्र ढोलक ऐकू येई. घरी भजनाची परंपरा होती आणि दहाव्या वर्षीच माझ्या मांडीवर ढोलक आलेला होता. साहजिकच गाणे लागले की माझी बोटे हॉटेलच्या लाकडी बाकावर चालू होत आणि मालकाचे डोळे वटारले जात.

१९५८ साली 'परवरिश' चित्रपट आला. त्यात मुकेशच्या आवाजात एक उदास गाणे आहे. ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझी बोटे बाकावर आपटली आणि तेथेच थांबली. गाणे दुःखाचे, चाल सावकाश, गाणारा एकेक शब्द जणू ओझे उचलावे तसा उचलतो आहे. आणि त्याच्या खालून ढोलक मात्र दुडक्या चालीने निघालेला! रडक्या गाण्याला रडका ताल द्यावा, ही आमची समजूत. येथे गाणे रडत होते आणि ढोलक त्याचा हात धरून त्याला चालवत होता. दोघांची गती वेगळी, पण समेवर दोघेही एका पावलाने येत. त्या गाण्यात दुःखाला जो धीर आहे, तो कवीने किंवा गायकाने दिला असेल तेवढाच त्या ढोलकाने दिलेला आहे, असे मला तेव्हा वाटले. आज वयाची ऐंशी उलटल्यावरही तसेच वाटते.

तबकडीवर संगीतकार म्हणून नाव होते दत्ताराम.

दत्ताराम वाडकर हे मूळचे गोव्याचे. १९२९ सालचा जन्म. लहानपणीच मुंबईस आले आणि तबल्याच्या नादी लागले. शंकर-जयकिशन या जोडीतल्या शंकरची आणि त्यांची गाठ व्यायामशाळेत पडली, असे सांगतात. त्यात नवल नाही. शंकर हा अंगाने पहिलवान आणि हाताने तबलजी. पृथ्वी थिएटरमध्ये तो तबला वाजवत असे. तालमीत भेटलेली ही मैत्री तालात मुरली. १९४९ साली 'बरसात' पडला आणि शंकर-जयकिशन हे नाव घरोघर गेले. त्यांच्या वाद्यवृंदात दोन गोवेकर त्यांचे उजवे-डावे हात होऊन बसले. व्हायोलिनांचा ताफा आणि स्वरलेखन सांभाळणारे सेबास्टियन डिसोझा हे एक आणि तालाचा सारा विभाग सांभाळणारे दत्ताराम हे दुसरे.

त्या काळचे ध्वनिमुद्रण म्हणजे काय असे, हे समजल्याखेरीज या माणसाची योग्यता कळावयाची नाही. आज एकेका वाद्याचे मुद्रण वेगळे होते. चूक झाली तर तेवढाच तुकडा पुन्हा वाजवतात. तेव्हा गायक, व्हायोलिने, मेंडोलिन, ॲकॉर्डियन, ढोलक-तबले सगळे एकाच दालनात, एकाच वेळी. कोणाचा एक ठोका चुकला की सर्वांनी पहिल्यापासून सुरुवात करावयाची. गायकाने जीव ओतून गायलेला अंतरा ढोलकवाल्याच्या एका चुकलेल्या थापेने वाया जाई. त्यात ढोलकाचा आवाज दणकट, म्हणून त्याला ध्वनिग्राहकापासून बेताने दूर बसवावे लागे. दूर बसून, कानांवर पडेल तेवढ्या गाण्याच्या आधाराने, इतक्या वादकांना एका दोरीत बांधून ठेवावयाचे. आणि बांधले आहे हे कोणाला जाणवूही द्यावयाचे नाही!

कातडे हे तर हट्टी प्रकरण. मुंबईच्या पावसाळी हवेत पान उतरते, आमच्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ते चढते. ढोलकाच्या दोरीतल्या कड्या सरकवून सूर जुळवावा, डाव्या अंगाच्या आतल्या मसाल्याची काळजी घ्यावी, तेव्हा कोठे तो खालचा गोल आवाज निघतो. एवढे करून वाजवावयाचा तो केरवा. आठ मात्रांचा, कोणत्याही भजनी मंडळातल्या पोरालाही येणारा. पण त्याच आठ मात्रांत वजन कोठे द्यावे आणि कोठे बोट नुसते टेकवून उचलावे, यावर सगळे अवलंबून असते. दत्तारामांनी या साध्या केरव्याला अशी काही डौलदार लचक दिली की वादकमंडळी तिला 'दत्ताराम ठेका' म्हणू लागली. एखाद्या ठेक्याला जिवंत माणसाचे नाव लागावे, आणि तेही जाहिरात करून नव्हे, तर हातावर पोट असलेल्या वादकांच्या तोंडून, यापेक्षा मोठी पदवी कोणती? आजही ढोलकवाल्यास 'दत्ताराम ठेका लाव' म्हटले की तो पुढचे काही विचारीत नाही.

राज कपूरला या माणसाची पारख होती. आर. के. च्या 'अब दिल्ली दूर नहीं' (१९५७) या चित्रपटाचे स्वतंत्र संगीत त्याने दत्तारामांना दिले. चिमणीवरचे ते बालगीत त्यातलेच. अजूनही बालवाड्यांतून ऐकू येते. पुढच्या वर्षी 'परवरिश' आला आणि दत्तारामांचे नाव झाले. त्यानंतर 'कैदी नंबर ९११' (१९५९), 'श्रीमान सत्यवादी' (१९६०) अशी चित्रेही आली.

आता खरी गंमत पुढे आहे. १९६० साली 'जिस देश में गंगा बहती है' प्रदर्शित झाला. आमच्याकडे तो यथावकाश पोहोचला, तेव्हा मी पहिल्याच खेळाला जाऊन बसलो. पडद्यावर राज कपूर डफली घेऊन आलेला, आणि पब्लिकचे डोळे त्या डफलीवर. माझे मन मात्र श्रेयनामावलीतच अडकून राहिले होते. संगीत शंकर-जयकिशन, आणि खाली बारीक अक्षरांत सहायक म्हणून सेबास्टियनच्या जोडीला दत्ताराम! मला ते नाव वाचून धक्का बसला. ज्याने स्वतः एवढी गाणी गाजवली, तो पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली? आमच्याकडे एकदा पाटीलकी मिळालेला माणूस कोतवालाच्या शेजारी बसावयास तयार होत नाही. हा मनुष्य मात्र आपले चित्रपट करीत असतानाही परत जाऊन आपल्या जागी बसत होता आणि ठेका धरत होता.

तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांचा. मला ही गोष्ट कमीपणाची वाटली. माझे स्वतःचे डोके त्या सुमारास चढलेले होते, हेही सांगितले पाहिजे. भजनात माझ्या ढोलकाचे चार गावांत नाव झाले होते. एका कार्तिकी एकादशीच्या रात्री आमच्या मंडळाचे भजन होते. गाणारे बुवा सत्तरीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. आवाज थकलेला, पण शब्दांत जीव. मी त्या रात्री ऐकलेल्या सगळ्या करामती काढल्या. तिहाया काय, तुकडे काय, लोक माना डोलवू लागले, आणि मी आणखी पेटलो. अभंगाच्या तिसऱ्या कडव्याला बुवा थांबले. वीणा खाली ठेवला. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले,

"बापू, तूच वाजवून रायला, मंग मी कायले गाऊ? लोकायले देव आयकू येऊ दे ना जरा."

मंडळी हसली. मला मात्र कानांत कोणी शिसे ओतल्यासारखे झाले. बुवांनी वीणा उचलला आणि तोच अभंग पहिल्यापासून धरला. मी साधा केरवा लावला. पहिली दहा-वीस आवर्तने अपमानाने हात जड झाला होता. मग हळूहळू बुवांचा दम कोठे तुटतो, कोणत्या शब्दावर ते रेंगाळतात, हे मला ऐकू येऊ लागले. दम तुटला की माझी थाप जरा भरीव पडे आणि त्या थापेवर पाय ठेवून बुवा पुढच्या ओळीवर जात. पहाटेपर्यंत ते गायले. इतक्या वर्षांत त्यांच्या शेजारी बसून मी त्यांना त्या रात्री प्रथमच ऐकले. भजन संपल्यावर कोणीही माझ्या वादनाबद्दल एक शब्द बोलले नाही. बुवांनी मात्र चहाची पहिली कपबशी माझ्याकडे सरकवली.

त्या पहाटे मला 'परवरिश'मधला ढोलक समजला आणि सहायकांच्या ओळीतले ते नावही समजले. मागे बसणे म्हणजे खाली बसणे नव्हे. ज्या जागेवरून गाणे उचलले जाते, ती जागा दत्तारामांना माहीत होती आणि त्या जागेची त्यांना लाज वाटत नव्हती.

ही वृत्ती आमच्या मुलखास अगदीच परकी नाही. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यास मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा गावात येत ते हातात खराटा घेऊन. आधी गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी असे. हातभर चामड्याचे ते वाद्य, पण हजारो माणसे त्या एका तालावर बसलेली मी पाहिली आहेत. खंजिरी वाजते आहे, हे कोणाच्या ध्यानातही नसे. ध्यानात राही ते भजन.

तथापि, वाचकहो, येथे एक गोष्ट बोलल्याशिवाय मला लेखणी खाली ठेवता येत नाही. दत्तारामांची नम्रता ही त्यांची थोरवी. पण तिचा फायदा इतरांनी किती घेतला? त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. ढोलकवाल्याचे, व्हायोलिनवाल्याचे नाव नसे. बोंगो-कोंगोसारखी वाद्ये हिंदी चित्रपटांत रुळवणारे कावस लॉर्ड असोत, ढोलकीचे बादशहा लाला गंगावणे असोत, ज्यांच्या बोटांवर देश डोलला त्यांची नावे देशाला ठाऊक नव्हती. वादकास त्या दिवसाची बिदागी मिळे आणि गाणे मात्र पुढे पन्नास-साठ वर्षे दुसऱ्यांच्या नावावर वाजत राही. जयकिशन १९७१ साली गेले, शंकर १९८७ साली. गाण्यांची तऱ्हा पालटली. दत्तारामांकडे स्वतंत्र कामे त्याआधीच कमी झाली होती. २००७ साली ते वारले, तेव्हा त्यांची गाणी रोज कोठे ना कोठे वाजत होती. पण ज्यांच्या ओठांवर ती होती, त्यांतल्या कितीजणांना हे नाव सांगता आले असते?

नम्र माणसाने आपले नाव सांगू नये, हे ठीक. पण म्हणून ऐकणाऱ्याने ते विचारूच नये, असे कोठे आहे? नम्रता ही वाजवणाऱ्याने पाळावयाची गोष्ट आहे. आपण ऐकणाऱ्यांनी पाळावयाची गोष्ट कृतज्ञता. आपण बरेचदा त्याच्या नम्रतेवर आपला विसराळूपणा खपवून टाकतो.

बुवा जाऊन आता कितीतरी वर्षे लोटली. हॉटेल गेले, रेडिओ गेला, यवतमाळ-अचलपूरची ती छोटी गाडीही बंद पडली. माझी बोटे संधिवाताने आखडली आहेत. ढोलक आता शेजारचा एक मुलगा वाजवतो. हात चांगला आहे आणि, माझ्यासारखेच, त्यालाही कधी कधी दाखवण्याची हौस येते. परवा मी त्याला जवळ बसवले आणि 'परवरिश'मधले ते गाणे ऐकवले. त्याने डोळे मिटून ऐकले आणि विचारले, "आजोबा, हे कोनं वाजवलं?"

मी म्हटले, "हा दत्तारामांचा ठेका. पुन्हा एकदा आयक; आता ढोलकाकडे ध्यान नको देऊ, गानं आयक."

आमच्या भजनी मंडळाच्या पत्रिकेवर पूर्वी फक्त गाणाऱ्या बुवांचे नाव असे. गेल्या काही वर्षांपासून मी हट्टाने त्याखाली ढोलकवाल्याचे, पेटीवाल्याचे आणि टाळकऱ्यांचेही नाव छापून घेतो. मात्र भजनास बसण्यापूर्वी त्या मुलाला सांगतो, "तुहं नाव तिथं छापलं हाय. आता ते इसरून जाय आन् ठेका धर."