तारेचा आकडा

स्टील गिटार नव्याने शिकणारा तारा घ्यायला गेला की पहिल्यांदा विचारतो, "चांगली कंपनी कोणती?" माझ्या मते आधी दोन गोष्टी विचाराव्यात. ही तार कोणत्या स्वराला लावायची, आणि मेरूपासून घोडीपर्यंत तिची लांबी किती? आमचं बुऱ्हाणपूर ही एके काळी फारुकी सुलतानांची राजधानी. त्या घराण्यातल्या बुऱ्हाण खानाच्या आश्रयाने पुंडरीक विठ्ठलाने सोळाव्या शतकात 'सद्रागचंद्रोदय' लिहिला. वीणेच्या तारा कोणत्या स्वरांना मिळवायच्या, पडदे कुठे बसवायचे, याचा विचार त्यात आहे. मला त्यात हाच क्रम दिसतो: आधी स्वर, मग तार.

माझी गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. इथे मला मिळतात ते संच बोटांनी दाबून वाजवायच्या गिटारचे, म्हणून मुद्दाम हलके ठेवलेले. आपल्याकडे तारेवर पोलादी बार सरकतो. हलकी तार त्याच्या वजनाने वाकते आणि स्वर चढा लागतो.

न गुंडाळलेल्या साध्या तारांसाठी सतारीच्या तारेचं भेंडोळं फार उपयोगी पडतं. बाजाची पोलादी तार बहुधा तीन नंबरची असते, जाडी ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिलिमीटर. दोन नंबर ०.०११, चार नंबर ०.०१३. गिटारच्या पाकिटावर हीच मापं इंचात असतात. तरी चिठ्ठीवर विसंबू नये. लेथच्या वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर असतो, तिथे तार दोन-तीन ठिकाणी मोजून घ्यावी. जुन्या तारेच्या टोकाचा पितळी मणी जपून ठेवायचा, नवी तार त्याच्याभोवती फिरवून स्वतःवरच घट्ट पिळायची. पिळे एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत. सैल राहिले तर तार सरकत राहते आणि स्वर उतरतो. तारेला कुठेही घडी पडू देऊ नये, कारण पुढे ती तिथेच तुटते.

तंबोऱ्याची पितळी तार कानाला गोड, पण विजेच्या स्टील गिटारवर ती जवळजवळ मुकी राहते. पिकअपमधल्या चुंबकाला समोर लोखंड किंवा निकेल लागतं.

पेडल स्टीलवर हा हिशोब आणखी कडक होतो. त्या वाद्याला सहसा दहा तारा असतात. पायाखालचं पेडल दाबलं की ठरावीक तारा ओढल्या जाऊन स्वर चढतो. ई-नाइन मिळवणीत तिसरी तार ०.०११ इंचांची. ती जी-शार्पला लावलेली असते आणि पेडल तिला वरच्या ए-पर्यंत, ४४० हर्ट्झला, नेतं. दहांत सगळ्यात जास्त तुटते ती हीच. जाड तार लावली तर टिकेल, असं नवशिक्याला वाटतं. पण जाड तारेचं वस्तुमान वाढतं, म्हणून त्याच स्वराला आणायला तिला त्याच प्रमाणात जास्त ओढावं लागतं. दर चौरस मिलिमीटरवरचा ताण बदलत नाही. २४ इंच लांबीच्या पोलादी तारेत ए-ला हा ताण सुमारे २३० किलो भरतो. तो ठरतो स्वर, लांबी आणि धातू यांवरून. म्हणून तिसरी तुटली की जाडी वाढवू नका. घोडीवर तार टेकते तिथे धार किंवा खाच पडली आहे का, ते बघा.

सहावी तार साधी घ्यावी की गुंडाळलेली, हा वादाचा विषय आहे. तेवढ्याच ओढीने साधी जास्त चढते, गुंडाळलेली कमी. माझं मत असं की ज्या जातीच्या तारेवर पेडल आधीच जुळवलेलं आहे, नवशिक्याने तीच ठेवावी.

तापीकाठच्या पावसाळ्यात साधी तार लवकर गंजते. बोटाला लागण्याआधी गंज बारखाली खरखरतो. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात.

पूर्ण संच दोनदा घेण्यापेक्षा एक संच आणि तिसरीच्या चार-पाच सुट्या तारा घ्या. दुकानदारांना एवढीच विनंती, की सुट्या तारेच्या पुडीवर तिची जाडी लिहा.