मैलापाण्याची शुद्धी आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू

प्रतिजैविक औषधांनी विसाव्या शतकात माणसाचे आयुर्मान वाढविण्यास मोठा हातभार लावला. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला आणि परदेशातून आणावे लागणारे पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. न्यूमोनिया, चिघळलेली जखम, बाळंतपणानंतरचा ताप यांची पूर्वीची दहशत अशा औषधांमुळे ओसरली. आज मात्र या औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढत आहेत. २०१९ या एका वर्षात जगभरात अशा जिवाणूंमुळे थेट ओढवलेल्या मृत्यूंची संख्या सुमारे १२ लाख ७० हजार असल्याचा अंदाज आहे. या प्रश्नाचा विचार करताना रुग्णालय आणि औषधाचे दुकान डोळ्यांसमोर येते. शहराच्या सीमेवरील मैलाशुद्धीकरण केंद्र सहसा येत नाही. वस्तुतः शहरातील रुग्ण, निरोगी माणसे आणि रुग्णालये यांच्या शरीरांतून व मोऱ्यांतून निघालेले सर्व जिवाणू अखेर तेथेच एकत्र येतात.

टाकीतील देवघेव

रुग्णाने घेतलेल्या औषधाचा बराचसा भाग शरीरात न बदलता मलमूत्रावाटे बाहेर पडतो. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे पाण्यात लवकर विघटित होतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे मात्र चिवट असून ती गाळाला चिकटून राहतात.

बहुतेक मोठ्या केंद्रांत वापरली जाणारी क्रियाशील गाळाची पद्धत १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे अार्डर्न आणि लॉकेट यांनी जगापुढे मांडली. प्रतिजैविके त्या वेळी अस्तित्वातच नव्हती. टाकीतील मैलापाण्यात हवा खेळवून जिवाणूंची भरघोस वाढ करावयाची आणि त्यांच्याकडून घाण खाऊन टाकावयाची, हे तिचे तत्त्व होय. यात एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. पाणी टाकीत काही तासच राहते. परंतु गाळाचा मोठा भाग पुनःपुन्हा टाकीत परत सोडला जात असल्याने त्यातील जिवाणू अनेक दिवस एकमेकांच्या सान्निध्यात राहतात. अन्न विपुल, हवा विपुल आणि औषधाचा अंश अत्यल्प. या अल्प अंशाने जिवाणू मरत नाहीत. मात्र ज्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती आहे, त्यांना इतरांपेक्षा थोडी अधिक सवलत मिळू शकते.

त्यातच जिवाणूंना आपले गुण केवळ संततीला द्यावे लागतात असे नाही. प्लाझ्मिड नावाच्या जनुकद्रव्याच्या लहानशा कड्यावाटे ते शेजारच्या जिवाणूला, प्रसंगी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही, प्रतिकाराचे गुण देऊ शकतात. आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूकडून आमांशाच्या जिवाणूकडे अशी शक्ती जाते, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच दाखवून दिले होते.

दिल्लीतील पाहणी

या देवघेवीचे गांभीर्य राजधानीतील पाण्यावरून कळून आले. अत्यंत प्रभावी अशा कार्बापेनेम गटातील औषधांनाही निष्प्रभ करणाऱ्या एनडीएम-१ या घटकाचे जनुक ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या पाहणीत आढळले. २०१० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, रस्त्यांवर व गल्लीबोळांत साचलेल्या-झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, तर नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये ते जनुक होते. पटकी व आमांशाच्या जिवाणूंपर्यंतही ते पोहोचले होते. जनुकाची देवघेव ३० अंश सेल्सियसच्या आसपास सर्वाधिक होते, हेही प्रयोगात दिसले. आपल्याकडील गटारांचे तापमान वर्षाचा बराच काळ याच्या जवळपास असते. या घटकाला नवी दिल्लीचे नाव दिल्याबद्दल देशात नाराजी व्यक्त झाली, ती समजण्यासारखी होती. तथापि, नावाच्या वादात पाण्याचा मूळ मुद्दा मागे पडला, हे मान्य करावे लागेल.

औषध कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न याहून वेगळा व अधिक तीव्र आहे. हैदराबादजवळील पटनचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या सामायिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे प्रमाण उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील प्रमाणापेक्षाही अधिक होते.

मग केंद्रे नकोत काय?

असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण २०,२३६ दशलक्ष लिटरचेच होत होते. उरलेले पाणी आपले सर्व जिवाणू घेऊन नदीनाल्यांत जात होते. शुद्धीकरणाने जिवाणूंची एकूण संख्या निश्चितच घटते. प्रतिकारक्षम जिवाणूंचे उरलेल्यांतील प्रमाण मात्र काही ठिकाणी वाढलेले आढळते.

येथे टक्केवारी फसवी असते. १०० मिलिलिटर मैलापाण्यात १ कोटी मलजन्य जिवाणू असले आणि त्यांतील ९९ टक्के नाहीसे झाले, तरी १ लाख शिल्लक राहतात. केंद्र शासनाच्या २०१७ च्या अधिसूचनेतील मर्यादा १,००० पेक्षा कमी अशी आहे. ती गाठावयाची तर हवेच्या टाकीनंतर गाळणी आणि क्लोरीन किंवा अतिनील किरणांची प्रक्रिया लागते. वीज वा रसायने वाचविण्यासाठी हीच पायरी वगळली जाण्याचा धोका अधिक. अर्थात या प्रक्रियेने जिवाणू मेले, तरी त्यांच्या जनुकांचे अवशेष काही काळ टिकू शकतात. आणि पाण्याच्या नेहमीच्या चाचणीत जिवाणू मोजले जातात. ते कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, हे पाहिले जात नाही.

रुग्णालयांचे पाणी शहराच्या गटारात मिसळण्यापूर्वी त्यावर तेथेच प्रक्रिया होणे हा अधिक सुलभ मार्ग होय. रासायनिक द्रव कचरा उगमाशीच वेगळा करून त्यावर पूर्वप्रक्रिया करण्याची जबाबदारी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रुग्णालयांवर टाकलेली आहे.

शहरालगतच्या ग्रामपंचायतींचा संबंध प्रामुख्याने गाळाशी येतो. केंद्रातील गाळ खत म्हणून शेतात जातो. तो ओला वा अर्धवट वाळलेला असताना पसरल्यास जिवाणू व चिवट औषधे दोन्ही मातीत उतरतात. कंपोस्टच्या ढिगाचे तापमान काही दिवस ५५ अंशांच्या वर राहिल्यास जिवाणू मोठ्या प्रमाणात मरतात. म्हणून गाळ घेण्यापूर्वी त्याचे कंपोस्ट झाले आहे काय, किती दिवस झाले आणि ढिगाच्या तापमानाची नोंद ठेवली आहे काय, ही विचारणा पंचायतीने केंद्राकडे लेखी करावी. कोथिंबीर, मुळा, काकडी, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना असा गाळ वा निर्जंतुक न केलेले पाणी देऊ नये. कापूस वा वनशेतीच्या क्षेत्रात धोका तुलनेने कमी असतो.